काकूच्या जेवणाची सोय

तीर्थरूप काकांना पुतण्याचा वाकून नमस्कार. (पत्रात वाकून दाखवता येत नाही हे खरं, पण माझं टेबल इतकं ठेंगणं आहे की लिहायला बसलो की मी आपोआप वाकतो. तेव्हा नमस्कार खरा समजावा.)

विनंती विशेष. तुमचं पत्र पोचलं. गुडघा जिना चढताना दुखतो की उतरताना, हे तुम्ही लिहिलं नाहीत. नुसतं 'आहे तसाच आहे' असं लिहिलंत. वजनमापं खात्यात सगळी नोकरी काढलेल्या माणसाने स्वतःचं दुखणं असं अंदाजपंचे सांगावं याचं नवल वाटलं. शेजारच्या वहिनींचा डबा वेळेवर येतो आणि त्यात मीठ कमी असतं, हे दोन्ही वाचून बरं वाटलं. (रक्तदाबाला मीठ कमीच बरं, असं काकूचं म्हणणं. वहिनींना ते तिनेच सांगून ठेवलं आहे, हे मात्र तुम्हाला सांगायचं नव्हतं.) मांजराच्या पोटाची तक्रार आता मिटली असेल.

तुम्ही पत्राच्या शेवटी, सहीच्याही खाली, एक प्रश्न दोनदा अधोरेखित करून विचारला आहे : 'तिच्या जेवणाची सोय काय?' उत्तर एका ओळीत देता आलं असतं, पण त्या ओळीवर तुमचा विश्वास बसला नसता. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. पत्र जेवणानंतर वाचावं, आणि बसून वाचावं.

काकू इकडे आली ती नव्या कवळीसाठी, कवळी बसली की निघायचं असं ठरवून. पण दातांचे डॉक्टर कवळी बसवतात, ती टोचते, ते ती काढून घासतात, पुन्हा बसवतात, मग ती दुसरीकडे टोचते. काकू म्हणते, संसारातही असंच असतं, कुठेतरी टोचल्याशिवाय कळत नाही कुठे घासायचं ते. (हे वाक्य तिचं आहे. मी अविवाहित आहे.) घरून आणलेला कोरड्या खाण्याचा डबा तिने आल्या आल्या मला आणि माझ्या शेजाऱ्यांना वाढून संपवला. दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सकाळी गेलेला माणूस दुपार उलटल्याशिवाय घरी येत नाही. म्हणजे मधल्या वेळी बाहेर खाणं आलं. आणि बाहेर खाणं म्हणजे काय, हे आपल्या घरात कुणाला माहीत असणार? 'बाहेरचं अन्न पोटात आणि बाहेरचा माणूस घरात, दोन्ही पारखून घ्यावं' हा तुमचा नियम. आणि तुम्ही पारखायला बसलात की समोरचं सगळं गार होतं, मग ते अन्न असो की माणूस. त्यामुळे मी तुमच्याकडे वाढलो तेवढ्या सगळ्या काळात काकूला मी दुसऱ्याने वाढलेल्या ताटासमोर बसलेलं पाहिलं नव्हतं.

माझं म्हणाल तर मी या शहरात इतकी वर्षं शाकाहारी राहिलो ते एका थापेवर. कुणी जेवायला बोलावलं की मी पोटावर हात ठेवून 'जरा बरं नाही' असं म्हणतो. त्याने प्रश्न सुटतो, पण ऑफिसात सगळे मला कायमचा आजारी समजतात. गेल्या वर्षी तर सगळ्यांनी मिळून मला फळांची मोठी करंडी आणून दिली, आणि मी ती खुर्चीत बसल्या बसल्या ज्या वेगाने खाल्ली तो पाहून त्यांना आणखी काळजी वाटली. सांगायचं एवढंच की शाकाहार हे मी लपवायचं दुखणं मानलं. काकूने ते तसं मानलं नाही. इथूनच तिचं वेगळेपण सुरू होतं.

पहिल्याच दिवशी दवाखान्याजवळच्या एका लहानशा खानावळीत आम्ही गेलो. चार टेबलं, भिंतीवर आरसा, आणि गल्ल्यावर एक पोक्त बाई, जिने आमच्याकडे न बघता विचारलं, "काय देऊ?" मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाली, "मांसाचं नको, बाकी काहीही चालेल." बाई म्हणाल्या, "मग कोंबडी घ्या." काकू म्हणाली, "कोंबडी नको." बाई म्हणाल्या, "मग मासे घ्या, ते हलके." मी लगेच पोटावर हात ठेवला, सवयीने. पण काकूने पिशवी शेजारच्या खुर्चीवर ठेवली, नीट बसली, आणि एखाद्या नव्या सुनेला घर दाखवावं तशा मायेने त्या बाईंना म्हणाली, "असं लक्षात ठेवा. ज्याला आई असते, ते मी खात नाही."

काका, मी आजवर या विषयावर पुष्कळ चर्चा ऐकल्या आहेत. पण इतक्या थोडक्यात इतकं पक्कं कुणी सांगितलेलं ऐकलं नव्हतं. त्या बाई थांबल्या. भिंतीवरच्या पाटीकडे त्यांनी पाहिलं आणि एकेक पदार्थाला आई आहे का हे त्या मनातल्या मनात तपासायला लागल्या. ओठ हलत होते त्यावरून कळत होतं. शेवटी पाटीच्या अगदी तळाशी आल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "बटाटा!" त्या ओरडल्या. आत जाऊन त्यांनी बटाटे परतून आणले, वर मिरपूड घातली, आणि काकू जेवून उठेपर्यंत समोरच बसून राहिल्या. निघताना काकूला स्वतःच्या आईबद्दल काही सांगत होत्या. ते मी ऐकलं नाही, कारण दोघी डोळे पुसत होत्या आणि मी आरशात बघत होतो.

दुसरा प्रसंग इतका यशस्वी म्हणता येणार नाही, पण त्यातही काकूचंच कौतुक करावं लागेल. माझ्या एका सहकाऱ्याने सांगितलं की बाजारपेठेच्या मागे एक नवं उपाहारगृह निघालं आहे, तिथे फक्त पालेभाज्या मिळतात. आम्ही गेलो. जागा छान, सगळीकडे काच, खुर्च्या अशा की बसल्यावर पाय जमिनीला लागत नाहीत. थोड्या वेळाने एका तरुणीने काकूपुढे परातीएवढं भांडं आणून ठेवलं. त्यात नाना तऱ्हेची कच्ची पानं, देठांसकट. मला एक फोन आला म्हणून मी बाहेर गेलो. परत येऊन पाहतो तर काकूने सगळी भाजी निवडून ठेवली होती. कोवळी पानं एकीकडे, जून देठ दुसरीकडे, आणि एक किडकं पान रुमालावर वेगळं, पुराव्यादाखल. ती तरुणी आली तेव्हा काकूने भांडं तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "घे गं, झालं. आता फोडणीला टाक." ती मुलगी भांडं घेऊन गेली. आम्ही वाट पाहिली. बरीच वाट पाहिली. मग तीच मुलगी ओशाळवाणी परत आली आणि म्हणाली, "आमच्याकडे चूल नाही." काकूला तिचाच कळवळा आला. "चूल नाही तर तुम्ही बिचारे काय करणार," असं म्हणून तिने ती कोवळी पानं मीठ-लिंबाबरोबर मुकाट्याने खाल्ली, आणि घरी आल्यावर दोनदा जेवली. (नवी कवळी तिने त्या दिवशी घातली नव्हती. ती पर्समध्ये होती. नवे दात ती चांगल्या कपड्यांसारखे वापरते, समारंभाला.)

आता मुख्य गोष्टीकडे येतो. तुम्हाला ठाऊकच आहे की मी ज्या कंपनीत नकाशे काढतो ती लिफ्ट बसवते. एका उंच इमारतीचं मोठं काम नुकतंच संपलं, म्हणून आमच्या मोठ्या साहेबांनी सगळ्या विभागाला शहरातल्या सगळ्यात नावाजलेल्या हॉटेलात संध्याकाळचं जेवण दिलं. 'घरच्यांसह यावे' असं निमंत्रणात होतं. ते नुसतं शिष्टाचाराचं नव्हतं. नकाशा विभागाची मुख्य जागा रिकामी होती, ती मला मिळणार की माझ्या समोरच्या टेबलावरच्या गृहस्थांना, हे ठरायचं होतं. आणि माणूस घरच्यांमध्ये कसा वागतो ते पाहून मग त्याला जबाबदारी द्यावी, असं साहेबांचं मत आहे. माझ्या घरचं म्हणजे कोण? काकू. तिला मी वाटेत बजावलं, "काकू, आजच्या दिवस काही बोलू नकोस. ताटात येईल ते चमच्याने इकडचं तिकडे कर, पाव खा, घरी आलो की मी तुला हवं ते करून देईन." ती म्हणाली, "बरं रे ठोंब्या, माझी तक्रार नाही." आणि खरंच, तिने तक्रार केली नाही. जे झालं ते तक्रारीमुळे झालंच नाही, हे मला तुमच्या मनावर ठसवायचं आहे.

लांब टेबल, पांढरंशुभ्र कापड, प्रत्येकापुढे चमच्यांची दोन्हीकडे रांग. मी आणि काकू साहेबांच्या समोरच. मग एकदम सगळे वेटर आत आले आणि प्रत्येकापुढे चकचकीत घुमटासारखं झाकण असलेली एकेक थाळी ठेवून, एकाच वेळी सगळी झाकणं उचलली. काकूच्या थाळीत एक अख्खा भाजलेला पक्षी उताणा पडला होता, पाय वर. काकूने त्याच्याकडे पाहिलं. वेटरच्या हातातलं झाकण घेतलं, आणि पाळण्यातल्या मुलाचं पांघरूण सारखं करावं तसं हळूच त्याच्यावर परत ठेवलं. "झोपू दे," ती वेटरला कुजबुजत म्हणाली.

मी टेबलाखालून तिला पाय लावला. तो पाय साहेबांचा निघाला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकूकडे. "जेवण आवडलं नाही का?" मी पोटावर हात ठेवून 'काकूंना जरा बरं—' इथवर आलो होतो, तेवढ्यात काकू म्हणाली, "मला अगदी ठणठणीत बरं आहे. मी मांस खात नाही, एवढंच. तुम्ही सगळे जेवा, माझी मुळीच काळजी करू नका." वेटर घाईघाईने आत जाऊन दुसरी थाळी घेऊन आला. तिच्यावरही तसंच झाकण. ते उचललं तर आत लिंबाची एक चकती, एक हिरवं पान, आणि गाजराची कोरून केलेली तीन फुलं. म्हणजे बाकीच्यांच्या ताटात जे शोभेला होतं, तेच काकूला जेवण म्हणून.

कुणीही चिडलं असतं, काका. तुम्ही तर तराजूच काढला असता. मी लाजेने रुमालाच्या घड्या घालत बसलो. आणि काकूने त्यातलं एक फूल बोटांत धरून दिव्यासमोर नेलं. पाकळ्या इतक्या पातळ की आरपार उजेड दिसत होता. तिने ते फिरवून फिरवून पाहिलं, शेजारच्या बाईंना दाखवलं, मग खाल्लं. (नवी कवळी घालून आली होती. पहिल्यांदाच तिचा कुरकुर आवाज ऐकला.) आणि ती उठली. "कुठे?" मी विचारलं. "ज्याने केलंय त्याला सांगून येते," ती म्हणाली, आणि वेटर ज्या दारातून ये-जा करत होते त्या दारातून सरळ आत गेली. साहेबांकडे बघून कसाबसा हसून मी तिच्यामागे धावलो.

आत केवढा तरी धगधगता कारभार. मोठमोठ्या शेगड्या, वाफ, भांड्यांचा दणदणाट, आणि मधोमध मुख्य आचारी. काका, त्या माणसाला पाहिलंत तर तुम्ही त्याचं वजन करायला धान्याचा काटा मागवाल. हॉटेलातले लोक त्याला पाठीमागे 'तोफ' म्हणतात, हे मला नंतर कळलं. पण तेव्हाही साधारण अंदाज आला. जेवणारं माणूस आत आलंय म्हणजे तक्रार घेऊनच, हे त्याला अनुभवाने माहीत. त्याने हातातला झारा खाली ठेवला, बाह्या सरसावल्या आणि गरजला, "काय बिघडलं?"

"काही नाही," काकू म्हणाली. "गाजराचं फूल कोणी केलं?"

त्याला वाटलं फुलात काहीतरी निघालं. "मी केलं. का?"

"किती सुरेख केलंय," काकू म्हणाली. "इतक्या गर्दीत, इतक्या गरम जागी उभं राहून एवढं नाजूक काम! कुणी पाहतसुद्धा नसेल. बाजूला सारतात ना सगळे?"

तोफेच्या चेहऱ्यावर जे झालं ते मला नीट लिहिता येणार नाही. तो म्हणाला, "बाजूला सारतात." मग म्हणाला, "परत येतात ताटातून तशीच. फेकून देतो आम्ही." काकूने त्याच्या घामेजलेल्या कपाळाकडे पाहिलं आणि आपल्या घरी ती जे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारते तेच विचारलं, "तुम्ही जेवलात का?" तो हसला. म्हणाला, दिवसभर मांसाच्या वासात उभं राहिल्यावर त्याला ते तोंडातही घालवत नाही. घरी जाऊन पाव आणि कांदा खातो, तोही उभ्यानेच. काकूने माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्याला उपाशी मीच ठेवलं होतं.

मग तो म्हणाला, "बाई, मी तुम्हाला काहीतरी करून देतो. बोला, तुम्हाला काय आवडतं?"

काकू म्हणाली, "ह्यांना तिखट चालत नाही, पण सगळं कढत लागतं. आणि ह्या ठोंब्याला बटाटा घातलेलं काहीही—"

"ते नव्हे," आचारी म्हणाला. "तुम्हाला?"

काका, ती आठवत होती. सासूबाईंना काय आवडायचं, दिरांना काय, मांजराला काय, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. इथे ती त्या ओट्याला हात टेकून उभी राहिली आणि तिला काही सांगता येईना. शेवटी अपराध्यासारखी म्हणाली, "मला ठाऊक नाही हो. कधी बघितलंच नाही."

(इथे मी जरा उठून चहा करून आलो. तुम्हीही घ्या.)

तो आचारी मोठा माणूस. त्याला हसू आलं नाही. तो म्हणाला, "मग बघू या." आणि त्याने तिला एक उंच स्टूल दिलं आणि एकेक जिन्नस थोडा थोडा करून तिच्यापुढे ठेवायला लागला. अळंबी लसणीवर परतून. "बरी आहे," काकू म्हणाली, "पण रबर चावल्यासारखं वाटतं." कणीस भाजून, लिंबू चोळून. "छान, पण दातात अडकतं, आणि हे दात नवे आहेत." वांगं, कोबी, टोमॅटो. प्रत्येकाला ती अगदी खरं तेच सांगत होती, आणि प्रत्येक वेळी तोफ मान डोलवून पुढच्या शेगडीकडे वळत होती. वेटर थाळ्या हातात घेऊन दारात थबकले होते. मग त्याने लाल भोपळ्याची जाड फोड नुसत्या तेलमिठावर, कडा काळ्या पडेपर्यंत खरपूस भाजली आणि दिली. काकूने खाल्ली. डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत.

"हे," ती म्हणाली. "हे आवडतं मला." मग स्वतःशीच हसून म्हणाली, "घरी करपलेलं नेहमी माझ्याच पानात येतं. पण ते आपोआप करपलेलं. असं कुणी माझ्यासाठी मुद्दाम करपवलं नव्हतं."

पुढचं तुम्हाला खरं वाटणार नाही, पण विभागातले सगळे साक्षीला आहेत. काकूने त्याला सांगितलं की मी एकटी नाही जेवणार, तुमचंही ताट घ्या. तो म्हणाला, आचारी बाहेरच्या दालनात बसत नसतो. काकू म्हणाली, "का? तुम्हाला खुर्ची पुरणार नाही म्हणून?" आणि त्याच्या बाहीला धरून ती निघाली. मी मागून भोपळ्याची परात घेऊन. साहेब, साहेबांच्या बाई, माझ्या समोरच्या टेबलावरचे गृहस्थ, सगळ्यांच्या समोर ती तोफ काकूशेजारी येऊन बसली. खुर्ची पुरली. आधी तो अंग चोरून बसला, जणू दुसऱ्याच्या घरी आलाय. मग इकडे तिकडे पाहायला लागला. इतकी वर्षं या हॉटेलात काम करून त्याने हे दालन बसून पाहिलं नव्हतं. म्हणाला, दिवा अगदी डोळ्यांत येतो. म्हणाला, इथे पदार्थ येईपर्यंत फार वेळ वाटतो, आत वाटत नाही. आणि मग आपल्याच वेटरवर डाफरला, "अरे, इथे पाणी कोण देणार?"

मग साहेबांनी काही न विचारता हात लांब करून काकूच्या ताटातली एक फोड उचलली. (पक्षी त्यांनी आधीच संपवला होता, उगाच कुणाचं मतपरिवर्तन झालं असं मी लिहिणार नाही.) फोड खाऊन झाल्यावर ते काकूला म्हणाले, "आमच्या आई अशीच भाजायच्या." पुढे सगळं जेवण ते, काकू आणि आचारी असे तिघेच बोलत होते. माझ्याशी कुणी एक अक्षर बोललं नाही. त्या आठवड्यात मला मुख्य जागेचं पत्र मिळालं. साहेबांनी ते स्वतःच्या हाताने दिलं आणि ऑफिसभर ऐकू जाईल असं म्हणाले, "घरचं माणूस पाहिलं, आता काळजी नाही." समोरच्या टेबलावरच्या गृहस्थांनी माझं अभिनंदन केलं आणि काकू कधी मोकळी असते ते विचारलं.

तर काका, काकूच्या जेवणाची सोय ही अशी आहे. उत्तम आहे. तिचं वजन वाढलं आहे, रंग उजळला आहे, आणि रस्त्यात तीन खानावळींतून तिला लोक हाका मारतात. मी इतकी वर्षं ज्या शहरात पोटावर हात ठेवून फिरलो, तिथे ती नव्या कवळीने हसत फिरते. मला तिचा फार अभिमान वाटतो. तुम्हालाही वाटेल. वाटला तर पत्रात लिहा, नुसता मनात ठेवू नका. ती पत्र माझ्याकडून वाचून घेते.

शेजारच्या वहिनींना नमस्कार, मांजराला काकूचा आशीर्वाद. गुडघ्याला शेक द्यावा.

तुमचाच,
पुतण्या

ता. क. काकूला वर लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. ती म्हणते मी फार फुगवून लिहिलं आहे, आणि ती डोळे मिटून राहिली ते भोपळा कढत होता म्हणून. कवळी आता कुठेही टोचत नाही, हेही लिही म्हणाली. दातांच्या डॉक्टरांनी तिला केव्हाच मोकळं केलं आहे.

आणखी ता. क. हे काकू झोपल्यावर लिहितो आहे. काका, तिला घेऊन जा. मी मनापासून कौतुक केलं ते सगळं खरं आहे, पण त्या जेवणापासून तिने माझ्या घरी ओट्याला हात लावलेला नाही. स्वयंपाक मी करतो. ती टेबलाशी बसते, रुमाल मांडीवर पसरते आणि विचारते, "आज विशेष काय?" काल मी केलेली डाळ तिने चमचाभर चाखली आणि भांडं माझ्याकडे सरकवून म्हणाली, "हे आत परत घेऊन जा, आणि ज्याने केलंय त्याला बाहेर पाठवा." ज्याने केलं होतं तो समोरच उभा होता. वर म्हणाली, खरं सांगितल्याशिवाय आचारी सुधारत नाही.

शेवटचा ता. क. परत यायला ती तयार आहे. मी विचारलं. फक्त म्हणाली, "तिकडे मला वाढणार कोण?" तेव्हा तुम्ही तिला न्यायला याल त्याच्या आधी निदान भात लावायला शिका. काही अडलं तर वहिनींना विचारू नका, त्या लगेच इकडे कळवतील. मला फोन करा, मी ऑफिसात असेन तेव्हा. एका वाटीला दोन वाट्या पाणी. आणि पहिल्या खेपेला भात खाली लागला तर ती करपलेली खरपुडी टाकू नका. ती एका ताटात काढा, आणि ते ताट तुमच्या जागी मांडा.